हवेची खिट्टी

प्रिय कोरली,

तुझं पत्र मंगळवारी आलं. तेच उजवीकडे कललेलं, घाईघाईचं अक्षर. पाकीट न फोडताच मी दोन दिवस पावाच्या डब्याला टेकवून ठेवलं होतं. सहा वर्षांत एक ओळ नाही, नाताळचं कार्डसुद्धा नाही, आणि आता माझा नवरा गेल्यावर एकदम चार पानं. वाचली. एकदा उभ्याने, एकदा बसून. त्याबद्दल शेवटी लिहीन. आधी इकडची खबर सांगते, कारण ती तू विचारली आहेस आणि सांगायला सोपी आहे.

ॲथल मार्चअखेरीस गेला. शुक्रवार, सकाळचे साडेनऊ. मागच्या पायरीवर बसून बूट चढवत होता. मी आतून ओरडले, "चहा गार होतोय." उत्तर नाही. "कानात बोळे घातलेत का?" म्हणत बाहेर आले, तर एक बूट पायात, दुसरा हातात, आणि मान दाराच्या चौकटीला टेकलेली. एकतीस वर्षांच्या संसारातलं माझं शेवटचं वाक्य हे असं. त्याला ते ऐकू गेलं की नाही, देव जाणे. गेलं असेल तर हसला असेल.

अंत्यविधीला हॉल भरून माणसं बाहेर उभी होती. आपल्या अग्निशमन दलाचा नेव्हिल बोलायला उठला आणि म्हणाला, "ॲथल वर पोचला असेल, तर आता ढग कुठले आणि त्याचा धूर कुठला हे ओळखता येणार नाही." सगळे हसले, मीही हसले. मग चहा, सॉसेज रोल, आणि जो तो माझा हात धरून तेच सांगतोय, असा धूर करणारा माणूस या खोऱ्यात पुन्हा होणार नाही. प्रेमानेच म्हणत होते. माणूस कसा होता, बहिणीच्या मुलांना त्याने कसं वाढवलं, पुरात कुणाच्या गाई ओढून काढल्या, सगळं राहिलं बाजूला. उरला तो धूर.

धुराड्याच्या आगीचं तुला कुणी कळवलं होतं का? तू घर विकून क्वीन्सलँडला गेलीस, त्याच्या पुढच्याच जूनमधली गोष्ट. रविवार होता, ऐन हिवाळ्यातली कडाक्याची थंडी, म्हणून स्वयंपाकघरातली ती काचेच्या दाराची लोखंडी शेगडी जरा मोठी पेटवली. थोड्या वेळाने छपरावर विमान उतरतंय असा आवाज सुरू झाला. धुराड्याची नळी लालबुंद. महिनोन्‌महिने आत साचलेली काजळी पेटली होती. नेव्हिल आणि त्याची माणसं येईपर्यंत स्वयंपाकघराचं अर्धं छत गेलं. दुसऱ्या दिवशी नेव्हिलने नळी उतरवून अंगणात ठेवली आणि आतून खरवडली. डांबरासारखा काळा चकचकीत थर, दोन बोटं जाड. "ओलं लाकूड आणि शेगडीची बंद हवा," तो म्हणाला. "आग जळत नाही, नुसती धुमसते. न जळलेला धूर नळीला चिकटतो आणि उरलेला शेजाऱ्याच्या घरात जातो. किती वर्षं हे करतोयस, ॲथल?" ॲथलने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, क्षणभरच. मग म्हणाला, "सवय वाईट, बाबा. माझीच."

त्यानंतर नवी शेगडी आली, आणि ती मी पेटवायला लागले ती अगदी तुझ्यासारखी. हो, तुझ्यासारखी. लाकूड फोडून दोन उन्हाळे छपराखाली, बाजूंनी वारा लागेल अशी थप्पी. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघायचे. खणकन वाजलं तर वाळलंय, थप्प झालं तर परत थप्पीवर. मोठी लाकडं खाली, त्यांवर लहान, सगळ्यांत वर काटक्या, आणि काडी वरून लावायची, म्हणजे धूर ज्वाळेतूनच वर जातो आणि जळून जातो. पहिली वीस मिनिटं शेगडीची हवेची खिट्टी सरकवून हवा पूर्ण उघडी. नंतर थोडी कमी करायची, पण ज्वाला नाचती राहील इतपतच. एका वेळी दोन-तीन लाकडं, ठासून भरायची नाहीत. आणि बाहेर जाऊन धुराड्याकडे बघायचं. धूर दिसला तर आपलं काहीतरी चुकतंय. पूर्वीच्या निम्म्या लाकडात घर दुप्पट ऊबदार. काच आरशासारखी. पहिल्या हिवाळ्यात मी त्या काचेसमोर बसून रडले होते. आनंदाने नव्हे, संतापाने. इतकं सोपं होतं, आणि तू मला ते तीनदा सांगितलं होतंस.

पुढचं ऐकून तू हसशील, कडवट का होईना. आता दर मे महिन्यात हॉलमध्ये मी हे शिकवते. समोर टेबलावर लाकडाचे तुकडे, ओलावा मोजायचं ते सुया टोचायचं यंत्र, आणि तीस-चाळीस माणसं वह्या घेऊन. त्याच खुर्च्या, तीच माणसं. "ग्लेनिस, ओलावा वीस टक्क्यांच्या आत म्हणालीस ना?" असं आदराने विचारतात. गावच्या पत्रकात माझा फोटो आला, खाली लिहिलं होतं, खोऱ्यातलं सर्वांत स्वच्छ धुराडं. तुझं नाव मी एकदाही घेतलं नाही. पाच वर्षं तुझीच वाक्यं बोलतेय, तुझ्याच क्रमाने, मधल्या तुझ्या त्या "समजलं का?"सकट.

तू बोललीस तेव्हा मात्र कुणी वही काढली नव्हती. याच हॉलमधली धुराबद्दलची ती सभा मला खुर्च्यांच्या रांगांसकट आठवते. ऑगस्ट होता. होबार्टच्या इस्पितळात नऊ दिवस ऑक्सिजनवर काढून तू परत आली होतीस, कोट अंगावर लोंबत होता. तुझा डेस्मंड तुला धरून उभा होता. थंड संध्याकाळी वरच्या अंगाची हवा उताराने खाली वाहते आणि आमचा धूर घेऊन तुमच्या घरावर बसते, हे तू कागदावर काढून दाखवलंस. ॲथलची त्या दिवशी सुट्टी होती. तो मागून म्हणाला, "माझी आग एप्रिलमध्ये पेटते आणि ऑक्टोबरमध्ये विझते. माझ्या बापाचीही तशीच होती. आता श्वास घ्यायच्या आधी कोरलीबाईंचा अर्ज भरायचा का?" हॉल हसला. तू त्याच्याकडे बघितलंच नाहीस. माझ्याकडे वळलीस. "ग्लेन, तू सांग. झोपताना शेगडीची हवा बंद करता की नाही?" शाळेत फळ्यावरचं गणित अडलं की जशी बघायचीस, तशीच बघत होतीस; ही आपली आहे, ही सांगेल. मी म्हणाले, "नाही. आमचं लाकूड दोन वर्षं वाळलेलं असतं. कोरलीला दमा लहानपणापासून आहे, त्यात आमचा काय दोष?" तू खाली बसलीस. ऑक्टोबरमध्ये तुमच्या फाटकावर विक्रीची पाटी लागली.

आता तुला दोन शब्द सुनावते, कारण हे नुसतं माफीचं पत्र व्हावं असं मला वाटत नाही. तू बरोबर होतीस, कोरली, पण बरोबर असण्याची तुला फार हौस होती. तुमच्या भिंती जाड, खिडक्यांना दुहेरी काचा, छपराखाली पुढच्या दोन हिवाळ्यांचं लाकूड. आमच्याकडे असायचं ते परवाचं. ॲथल सुट्टीच्या दिवशी रानातून जी निलगिरी पाडून आणायचा, तीच पुढच्या आठवड्यात जाळायची. दोन वर्षं थांबायचं, तर ती दोन वर्षं जाळायचं काय? हे तू कधी विचारलं नाहीस. धुराचं सांगायला पहिल्यांदा आलीस ती लिंबाचा केक घेऊन. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून शेगडीच्या काळ्या काचेवरून बोट फिरवलंस, बोट बघितलंस आणि माझ्याच फडक्याला पुसलंस. "अगं, हे काय जगणं आहे?" म्हणालीस. तू धुराबद्दल म्हणाली होतीस, मला कळलं होतं. तरी ते लागलं, आणि लागलेलंच राहिलं.

मग जूनच्या अखेरीस डेस्मंड ट्रेलर भरून लाकूड घेऊन आला. वाळलेलं, एकसारखं फोडलेलं, बारीक काटक्यांच्या जुड्यासुद्धा बांधलेल्या. "कोरली म्हणाली, हा एक हिवाळा यावर काढा, तोवर तुमचं वाळेल." बिचारा हातमोजे काढून उभा होता, टाकू कुठे विचारत. मी म्हणाले, "आम्हाला भीक नको. आणि कोरलीला सांग, बोलायचं असेल तर स्वतः ये, नवऱ्याला पाठवू नको." तो ट्रेलर वळवून गेला. मला नंतर कळलं की तुला तेव्हाच चढ चढवत नव्हता.

हे सगळं ॲथलला माहीत नव्हतं. तो दुपारच्या पाळीला होता, सामन माशांच्या कारखान्यात, तीन ते अकरा. आठवड्यातले पाच दिवस रात्री नऊ वाजता आमच्या घरात मी एकटीच असायचे. तू कधी हिशेब केलास का, कोरली, की नऊ वाजता शेगडीची हवा बंद कोण करत असेल? कुणीच केला नाही. आग त्याची, बढाई त्याची, म्हणून धूरही त्याचा. ओलं लाकूड ठासून भरायचे मी, खिट्टी ढकलायचे मी. आधी नुसती सवय होती, आग रात्रभर टिकावी, सकाळी उठल्यावर घर गार नसावं एवढीच इच्छा. पण डेस्मंड ट्रेलर परत घेऊन गेला, त्या संध्याकाळी मी सगळ्यांत ओला ओंडका निवडला. हाताला पाणी लागत होतं. खिट्टी शेवटपर्यंत ढकलली, शाल घेतली आणि पायरीवर जाऊन बसले. वारा नव्हता. धूर छपरावरून घरंगळला, कुंपण ओलांडून तुमच्या पेटलेल्या खिडकीपाशी जाऊन थांबला. मी खिडकी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, आणि मग जुलैभर केलं. तेविसाव्या दिवशी सकाळी तुमच्या दारात रुग्णवाहिका आली. मी पडद्याआडून पाहिलं, आणि त्या संध्याकाळी हवा उघडी ठेवली. एकच दिवस. नंतर वाटलं, आता उघडी ठेवली तर ॲथल विचारेल, आज काय विशेष.

ॲथलला संशय कधी आला, मला ठाऊक नाही. नळी अंगणात खरवडली त्या दिवशी त्याला कळलं, एवढं नक्की. तो मला काहीच बोलला नाही. त्याने दोष स्वतःवर घेतला, आणि पाच वर्षं हॉलमध्ये मागच्या रांगेत बसून मी शिकवत असताना लोकांच्या कोपरखळ्या ऐकल्या. "ॲथल, बायकोकडून शीक जरा," असं म्हणायचे. तो म्हणायचा, "शिकतोय की." मी ते ऐकायचे आणि पुढचं लाकूड उचलायचे.

गेल्या शनिवारी वर्ग होता. मी लाकडांना हात लावायच्या आधी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तसंच. शेवटपर्यंत. मग नेव्हिलने येऊन माझ्या खांद्याभोवती हात टाकला आणि लोकांना म्हणाला, "नवरा जाऊन सहा आठवडे झालेत तिला. दमलीय ती. चहा आणा कुणीतरी." त्यांनी चहा आणला, कोट दिला, गाडीतून घरी पोचवलं. वाटेत एकजण म्हणाली, "ॲथलवर किती जीव होता गं तुझा, त्याचं पापसुद्धा स्वतःवर घेतेस." आणि मंगळवारी तुझं पत्र. तिसऱ्या पानावर तू लिहिलंस की ॲथलच्या हट्टापायी आपली मैत्री गेली, तू त्याला माफ केलं आहेस, आणि माझा त्यात काहीच दोष नव्हता, बिचारी ग्लेन, नवऱ्यापुढे तुझं काय चालणार. म्हणून हे पत्र. ॲथलने तुझं काही वाईट केलं नाही. त्याने फक्त माझ्याऐवजी ऐकून घेतलं. त्याला दिलेली माफी परत घे, त्याला ती नको होती. मला देऊ नकोस, मी मागत नाही. इथे कुणी विश्वास ठेवत नाही, पण तू त्या खिडकीच्या आत होतीस, तू ठेवशील. उत्तर लिहिलं नाहीस तर मी समजून घेईन. लिहिलंस तर शिव्या घाल, काहीही लिही. फक्त बिचारी म्हणू नकोस.

एवढं सगळं करूनही तुझीच,
ग्लेनिस