कंडक्टरच्या मुलानं रस्ता विचारू नये

ती. ताईस,

बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार. (आडवं व्हायला इथे जागा नाही, सगळीकडे लोकांच्या चादरी पडल्या आहेत.) पत्राला उशीर झाला, कबूल. पोचल्या पोचल्या लिहायचं ठरवलं होतं, पण आधी पोचायला तर हवं, आणि तेच राहत गेलं. मग म्हटलं, काहीतरी चांगलं घडू दे, मग लिहू. त्या भरवशावर राहिलो असतो तर तुला हे पत्र तुझ्या म्हातारपणी मिळालं असतं. तुझी कंबर कशी आहे? आप्पा जेवतात का? ऑपरेशनच्या कागदावर सही केली का त्यांनी? केली नसणार. ‘आधी माझ्या भावाला आणा, मग सही’ असं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले असतील, आणि तू कागद उशीखाली सरकवून स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत असशील. भांड्यांचा काय दोष म्हणा.

फोन करायला काय धाड भरली होती, असं म्हणशील. फोन बसमध्ये राहिला. (कुठल्या बसमध्ये ते विचारू नकोस, ते माहीत असतं तर फोनही असता.) तुझा नंबर मला पाठ नाही. घरचा पत्ता मात्र पाठ आहे, कारण लहानपणी बाजारात हरवलो तर सांगता यावा म्हणून तू माझे कान पिळून तो घोकून घेतला होतास. आता हरवलोच आहे, तेव्हा तुझी मेहनत काही वाया गेली नाही.

उतरलोय जाड्याकडे. माझा शाळेतला दोस्त. (शाळा म्हणजे सातवीपर्यंत. पुढे शाळेला माझा आणि मला शाळेचा कंटाळा आला.) त्याची लाँड्री आहे आणि वर पोटमाळा. तिथे गाठोड्यांमध्ये झोपतो. ऊब असते, पण रोज वेगळ्या माणसाच्या घामाची. हे पत्रसुद्धा शर्ट गुंडाळायच्या खाकी कागदावर लिहितोय, इस्त्रीच्या टेबलावर. मध्ये एक डाग दिसेल तो इस्त्रीचा आहे, अश्रूंचा नाही.

तर काकांचं घर. आप्पांनी पत्ता दिलाच नव्हता, बस दिल्या होत्या. सात नंबर धर, गिरणीपाशी उतर, समोरून एकवीस घे, पाण्याच्या टाकीला उतर, टाकीच्या सावलीत पडेल ते घर. आणि वर दम, की कुणाला विचारायचं नाही. या शहरात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं तिकिटं फाडली, त्यांच्या पोरानं रस्ता विचारला तर त्यांचं नाक कापलं जाईल. (कोण कापणार? इथे त्यांना ओळखणारं नाक तरी कुणाचं उरलंय?) पण आजारी माणसाला शब्द दिला होता, म्हणून नाही विचारलं.

सात नंबर आता विमानतळाला जाते. विमानं जवळून बघितली, फार मोठी असतात, आणि उडताना लोक आपल्याकडे बघत नाहीत. गिरणी पाडली. त्या जागी काचेचं दुकान आहे, त्यात गाद्या विकतात. पाय दुखत होते म्हणून एका गादीवर टेकलो, तर विकणारा धावत आला आणि विचारू लागला, पाठदुखी आहे का? मी म्हटलं, मला नाही, ताईला आहे. मग त्यानं तुझ्या कंबरेची इतकी आपुलकीनं चौकशी केली की मला भरून आलं. आल्यापासून आपल्या माणसांबद्दल विचारणारा तो पहिलाच. (गादी घेत नाही म्हटल्यावर तोही गेला.) एकवीस नंबर तर कायमची बंद झालीय. मग मी एक युक्ती काढली, बसच्या खिडकीतून टाकी दिसली की उतरायचं. युक्ती चांगली होती, पण शहराला तहान फार आहे, जिकडे तिकडे टाक्या. प्रत्येक टाकीच्या सावलीत घर होतं आणि प्रत्येक घरात दुसऱ्याच कुणाचे काका.

आपल्याकडे रस्त्यात कुठेही हात केला की बस थांबते. इथे मी हात केला, तर ड्रायव्हरनंही मला हात केला आणि निघून गेला. आणि ताई, इथल्या बसमध्ये कंडक्टर नाही. मी आधी मागे शोधला, मग पुढे, वाटलं चहाला उतरला असेल. दारापाशी एक पिवळी डबी आहे, तिला कार्ड टेकवलं की ती टुं करते, आणि कुठेच नसलेली एक बाई पुढचा थांबा सांगते. माझ्या कार्डाला लाल दिवा लागला, मागची माणसं चुकचुकली, आणि ‘अरे, असू दे, नवीन आहे तो, सरका पुढे’ म्हणणारं कुणी नव्हतं. आप्पा म्हणाले असते. हे त्यांना सांगू नकोस. आपलं काम डबी करते हे कळून कुणी बरं होत नाही.

मग एका दुपारी शेजारच्या सीटवरची नर्स माझ्या खांद्यावर झोपली. (चुकीचं समजू नकोस, वयानं तुझ्याहून मोठी होती आणि घोरत होती.) दमलेलं माणूस, उठवायचं कसं? आपल्या घरात झोपलेल्याला उठवत नाहीत, माझ्या शिक्षणाचं त्यातच वाटोळं झालं. टाक्या आल्या, टाक्या गेल्या, मी हललो नाही. बस थेट डेपोत जाऊन उभी राहिली तेव्हा बाई जाग्या झाल्या आणि माझ्यावरच उखडल्या, “अहो, उठवायचं नाही का? माझा थांबा कधीच गेला!” म्हटलं, माझाही गेला. “मग तुम्ही का नाही उतरलात?” म्हटलं, तुम्ही झोपला होतात. त्यांनी रुग्णाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. कुठे जायचंय ते काढून घेतलं, आणि म्हणाल्या, “वडील इथलेच ना? मग डेपोच्या वॉचमनला विचारा की. वडिलांना कोण सांगायला जातंय!” एवढी अक्कल मला कुणी आधी दिली असती तर बूट तरी वाचले असते.

विचारलं. वॉचमन जुना होता. दोघं भाऊ एकाच गाडीवर, एक ड्रायव्हर, एक कंडक्टर, एवढं म्हणतोय तोच तो म्हणाला, “डबल बेलवाले का?” आणि मला परका समजून त्यानं तुझ्या-माझ्या घरातलीच गोष्ट सांगितली. म्हातारी पायरीवर चढत होती, गाडी सुटली, ती पडली, हात मोडला. चौकशीत ड्रायव्हर म्हणाला, गाडी सोडायची डबल बेल दिली होती, कंडक्टर म्हणाला, मी नाही दिली. ड्रायव्हरचं स्टिअरिंग गेलं, निवृत्त होईपर्यंत तो गाड्या धूत राहिला. कंडक्टर नोकरी सोडून गावाकडे गेला. “कोण खोटं बोलला, देव जाणे,” असं म्हणून वॉचमननं डेपोच्या मागच्या चाळीकडे बोट केलं. (टाकीसुद्धा होती तिथे. गंजून आडवी पडली होती, तिची सावली पडणार कशी?)

देव जाणे, आणि आता मीही जाणतो. निघताना आप्पांनी मला काय निरोप दिला ते तुला सांगितलं नव्हतं.

दार काकूंनी उघडलं. काका पाठमोरे उभे राहून खिडकीची काच पुसत होते. काच स्वच्छच होती. मी ऑपरेशनचं सांगितलं, मग निरोप सांगितला, की आप्पा म्हणतात, बेल मीच दिली होती. काका पुसायचे थांबले नाहीत. म्हणाले, “मला काय सांगतोस? मी ऐकली होती ना.”

मग म्हणाले, एवढी वर्षं तोंड उघडलं नाही, आता उघडायचं तर स्वतः येऊन उघडावं. म्हटलं, त्यांना मोरीपर्यंत चालवत नाही. त्यावर ते दुसऱ्या काचेकडे वळले. काकूंनी चहा दिला, तो मी उभ्यानं प्यायलो. कुठे उतरलायस एवढंच त्यांनी विचारलं. परत येताना मला पहिल्यांदाच बरोबर बस मिळाली, खिडकी मिळाली, आणि मी बरोबर थांब्यावर उतरलो. इतकं वाईट मला एकदाही चुकल्यावर वाटलं नव्हतं.

कंबर जप. जड उचलू नकोस.

तुझा,
भटक्या

ता. क. खरं सांगायचं ते आता सांगतो, वरचं सगळं त्यासाठीच लिहिलं. आप्पांना सांग, पोरगा अजून सापडलेला नाही. सांग, सात नंबरनं विमानतळावर गेला, गाद्यांच्या दुकानात बसला, टाक्या मोजत फिरतोय. वाटलं तर पत्राचा तेवढाच भाग वाचून दाखव आणि पुढचा कागद चुलीत घाल. मी हरवलोय तोवर काका नाही म्हणालेले नाहीत. आप्पा मला शिव्या घालतील, घालू दे. चिडले की त्यांच्या हाताला जोर येतो, त्या जोरात सही घेऊन टाक. ऑपरेशन होईपर्यंत मी इथेच हरवून राहीन. जाड्याची हरकत नाही.

ता. क. दुसरं. जाड्यानं खालून हाक मारली, कुणी बाई आल्यात. मला वाटलं चादर न्यायला आल्या असतील. काकू आहेत. हातात पिशवी. जिना चढून धापा टाकत माझ्यासमोर उभ्या आहेत आणि मी लिहितोय म्हणून रागावतायत. काका येणार नाहीत म्हणे, त्यांचा नाद सोड. “पण भांडण त्या दोघांचं झालं होतं. माझा दीर आजारी आहे, मला कुणी विचारलंत?” खरंच ताई, कुणी विचारलं नव्हतं. काकांना माहीत आहे का म्हटलं, तर पिशवी पुढे केली. “ही कुणी भरली मग? मला बांधता येते का इतकी घट्ट?”

आता पहिलं ता. क. खोडायचं की ठेवायचं, मला सुचत नाही. आप्पांना भाऊ हवा होता, आणि मी वहिनी घेऊन येतोय. सही करतील का? काकूंना तेच विचारलं. म्हणाल्या, “तो काय सांगणार ते मला ठाऊक आहे. पण त्याला सांगू दे की एकदा. ऐकायला कुणीतरी समोर बसायला नको का?”

निघतो. त्या जिना उतरल्यासुद्धा.