तांबूस पाण्याची बाटली

मी कास्मिजान, वय शहात्तर, राहणार साखर कारखान्यामागची गल्ली, मोजोआगुंग, जिल्हा जोम्बांग, पूर्व जावा, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करावं ते लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं मशिदीचे मोदिनसाहेब म्हणाले. माझ्यावर कोणाचं दडपण नाही; दडपण आणायला घरात कोणी उरलेलंच नाही. लुद्रुक या आमच्याकडच्या लोकनाट्याच्या फडात मी चाळीस वर्षं बाईची सोंगं घेतली. तिथे माझं नाव रारा मेलाती. त्या बाईच्या नावावर काहीच मिळकत नाही, म्हणून सही एकट्या कास्मिजानची पुरे.

कलम १. राहतं घर, पुढचं अंगण आणि अंगणातलं आंब्याचं झाड माझा पुतण्या जुमारी याला द्यावं. जुमारी लग्नकार्यात भाड्याने स्पीकर लावतो. घराच्या भिंतींना गेलेले तडे त्याच्याच स्पीकरांनी गेलेत, तेव्हा ते बुजवण्याचा पूर्ण हक्कही त्याचाच. एकच अट आहे. आंबा तोडायचा नाही. कारण कलम ५ मध्ये येईल, आणि ते वाचून जुमारी हसला तर घर मशिदीला जावं.

कलम २. बँकेत जे काही असेल ते शेजारीण पोनिरा हिला. आकडा लिहीत नाही, तिला हसू येईल. अकरा वर्षं ही बाई रोज मला भात आणि तिखट आणून देते आणि रोज तेच म्हणते, "खा बाबा एकदाचं, तुझी रांजणासारखी कंबर आता बघतंय कोण?" तिच्या जिभेला हाड नाही, पण हात सढळ आहे. माझी शिलाई मशीनही तिलाच. पायडल अडकतं, लाथ मारली की चालतं.

कलम ३. माझे तीन टोप, जरीचे झगे, रंगाची पेटी, फडाच्या जाहिरातींचे कागद आणि जुनी तिकिटं सुराबायाच्या संग्रहालयाला. तिथे नाटक-गाण्यांच्या जुन्या वस्तू जपून ठेवतात. माझा कमरपट्टा आधीच तिथे काचेमागे आहे. ज्या बाहुलीला तो बांधलाय तिला कंबरच नाही. तो दोन बोटं वर बांधावा, ही विनंती नाही, अट आहे. पायातले चाळ मात्र संग्रहालयाला द्यायचे नाहीत. ते तार्मुजीला, जो आमच्या फडात गाँग वाजवायचा. संग्रहालयात ते कोणी वाजवणार नाही, तार्मुजी निदान चुकून तरी वाजवेल.

कलम ४. मिठाच्या दुकानवाल्या सार्कावीच्या घरी माझ्या सातव्या दिवसाच्या जेवणाचा डबा जाऊ नये, असं मी गेली चोपन्न वर्षं ठरवून होतो. पासष्ट साली सैनिकांना आमच्या फडातल्या मार्लापदादाच्या घराकडे बोट याच सार्कावीने दाखवलं. तेव्हापासून त्याच्या दुकानातलं मीठ माझ्या घरात आलेलं नाही. लागलं तर आळणी खाल्लं. हे कलम मी आज बदलतो. डबा जाऊ द्या, अंडंही घाला. त्याच्याकडे बोट दाखवायला आता मला तोंड उरलेलं नाही. त्याने माणूस घालवला, आवाज मी घालवला.

कलम ५. यात देण्यासारखं काही नाही, पण लिहिल्याशिवाय पुढची कलमं कळणार नाहीत.

मार्लापदादा आमच्या फडाचा सोंगाड्या. एकटाच पुढे यायचा, आणि गात गात आधी सरपंचाची, मग कारखान्याच्या साहेबाची, मग स्वतःची अशी खेचायचा की साखरेचे मजूर जमिनीवर लोळायचे. प्रत्येक खेळात गाणं नवं. कागदावर एक ओळ नाही. मी त्याची रुसलेली बायको. रुसायचं आणि हसू दाबायचं, एवढंच माझं काम, आणि तेही मला कधी धड जमलं नाही. त्रेसष्ट साली रेडिओवाल्या एका माणसाने त्याची गाणी तीन फितींवर उतरवली आणि पत्र्याच्या तीन डब्यांत घालून त्याला दिली. दादाने ती माझ्याकडे आणली.

"ठेव गं तुझ्याकडे. माझ्या घरात उंदीर फार."

"आणि माझ्या घरात?"

"तुझ्या घरात तू आहेस. उंदरांची काय टाप?"

पासष्टच्या नोव्हेंबरात, कम्युनिस्ट म्हणून गावोगावची माणसं उचलत होते तेव्हा, सैनिकांनी भर दुपारी त्याला जेवत्या पानावरून उठवून नेलं. परत आला नाही. कबर नाही, तारीख नाही. फडाच्या पेट्या आणि पडदे मैदानात घालून जाळले; काही वर्षांनी फड पुन्हा उभा राहिला, दादाशिवाय. डबे मी कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरले, नंतर छपरात नेले, नंतर तांदळाच्या रांजणाच्या तळाशी. त्रेपन्न वर्षं मी त्या फिती एकदाही ऐकल्या नाहीत. आधी यंत्र नव्हतं, आणि यंत्र मिळण्यासारखं झालं तेव्हा मला धीर झाला नाही. पण त्या आहेत, एवढ्या एका गोष्टीवर मी जगलो.

दोन हजार अठरा साली संग्रहालयाची विदुरी आली. नात शोभेल एवढी पोर, हातात पांढरे मोजे. आमच्याकडे आजा असो की आजी, हाक एकच, म्बाह. तिला ती बरी पडली.

"म्बाह, आहेत? खरंच आहेत?"

डबे पाहून ती रडली. म्हणाली, "म्बाह, ही आता नुसती तुमची वस्तू नाही. ही आपल्या सगळ्यांची पुसाका आहे." पुसाका म्हणजे पूर्वजांकडून आलेली जिवंत वस्तू, जसा घरातला खंजीर, जसा फडाचा गाँग. "पुढच्या महिन्यात मी यंत्रवाल्यांना घेऊन येते. तोवर यांना कोणी हात लावायचा नाही."

कोणी म्हणजे परक्याने, असं मी धरलं. मी परका कसा?

मध्ये सुरो, आमच्या वर्षाचा पहिला महिना, आला. सुरोत पुसाकेला आंघोळ घालतात, ही आमची रीत. फुलांचं पाणी, लिंबू, आणि आदला दिवस उपास. गाँगला घालतो, खंजिराला घालतो, माझ्या चाळांना दर वर्षी घालतो. मग त्रेपन्न वर्षं खुराड्यात आणि रांजणात काढलेल्या दादाला कशी नको? आमच्या पाच वारांच्या चक्रातला लेगी शुक्रवारी आला की दिवस पवित्र; त्या लेगीच्या शुक्रवारी सकाळी मी अंगणात परात मांडली. तार्मुजीने ती धरली.

"अरे, हे भिजवायचं असतं का?"

"पुसाका आहे की नाही?"

"आहे."

"मग?"

"मग घे लिंबू."

फीत बोटांतून सोडवत सोडवत मी तिन्ही धुतल्या, पाठ चोळावी तशा. पाणी तांबूस झालं. "काय मळ साचला होता बघ!" मी म्हणालो, आणि खोटं का बोलू, इतक्या वर्षांत मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. रीतीप्रमाणे शेजाऱ्यांनी ते पाणी नेलं. पोनिराने गुडघ्यांना चोळलं. उरलं ते आंब्याच्या मुळाशी ओतलं. एक बाटली मी ठेवली. फिती दोरीवर उन्हात वाळत घातल्या, शेवयांसारख्या.

विदुरी आली तेव्हा त्या वाळून पारदर्शक झाल्या होत्या. ती दोरीकडे बघत राहिली. मोज्यांसकट मातीत बसली.

"म्बाह," ती म्हणाली, "तो मळ नव्हता. तोच आवाज होता."

माझ्या हातून झालं. सैनिकांपासून राखलं, उंदरांपासून राखलं, पुरापासून राखलं, आणि शेवटी उपास करून, स्वच्छ हातांनी, मीच धुऊन टाकलं. याला माफी नाही आणि मी मागतही नाही.

कलम ६. यंत्रवाल्यांनी एका फितीच्या, चिकटून कोरड्या राहिलेल्या अगदी आतल्या गुंडाळीवरून सतरा सेकंद वाचवले. त्यात दादा नाही. दादा नुकतं काहीतरी म्हणून गेलाय आणि त्यावर एक बाई खिदळतेय. ती बाई मी. संग्रहालयात ते कानाला लावून ऐकायला ठेवलंय आणि खाली पाटी आहे, 'लुद्रुकचा मूळ आवाज'. मी विदुरीला म्हणालो, "काढ ते."

"म्बाह, एवढंच तर उरलंय. निदान तुम्ही तरी उरलात."

"मी उरून काय जाळायचंय?"

तिने काढलं नाही. पोरीची नोकरी आहे, मी समजतो. पण माझ्या मृत्यूनंतर पाटी बदलावी. नवी पाटी अशी: 'इथे मार्लाप ऐकू येत नाही. जी हसते आहे तिनेच त्याला धुतलं.' याला वरिष्ठांनी नकार दिला तर कलम ३ मधली एकही वस्तू संग्रहालयाला जाणार नाही. टोप कोंबड्यांना अंडी घालायला द्यावेत. तीन रिकाम्या फिती मात्र विदुरीलाच. तिने त्या घरी ठेवाव्यात, आणि नवीन कोणी पोरगी तिच्या हाताखाली आली की आधी त्या दाखवाव्यात.

कलम ७. आता बाटली. ती देवळीत आहे, तिच्या तळाशी बोटभर तांबूस गाळ बसलाय. त्यातून काही परत मिळेल का, असं मी यंत्रवाल्यांना दोनदा विचारलं. पहिल्यांदा त्यांनी समजावलं, दुसऱ्यांदा ते आपल्या वायरी गुंडाळू लागले. विदुरीने ती संग्रहात घ्या म्हणून अर्ज केला. उत्तर आलं, द्रवपदार्थ स्वीकारले जात नाहीत.

तर ती बाटली मी कोणालाच देत नाही. मार्लापदादाला मेल्यावर कोणी आंघोळ घातली नाही, आणि मी जी घातली ती अशी. माझ्या मयताला घालतील तेव्हा शेवटच्या कापराच्या पाण्याआधीचा एक तांब्या या बाटलीतला असावा. मोदिनसाहेबांना विचारलंय. ते दाढीवरून हात फिरवत म्हणाले, पाण्याला पाणी म्हणायला हरकत नसावी.

ओतणाऱ्याला एकच सांगणं. वरचं वरचं ओतू नका. आधी बाटली नीट हलवा. दादा तळाशी बसलाय.

हे मी मोजोआगुंग येथे, माझ्या अंगणात बसून, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवून सही केलं.
लेगीचा शुक्रवार, ५ जुलै २०१९.

(सही) कास्मिजान

साक्षीदार:
१. अब्दुल मुकीत, मोदिन. समक्ष सही केली. पाण्याबद्दल मी तसं म्हणालो होतो, हे खरं आहे.
२. तार्मुजी, गाँगवाला. अंगठा. परात मी धरली होती, हेही लिहा.