मस्कतची ओवाळणी

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलं. आज टीव्हीवर ती जुनी मालिका पुन्हा लागली होती. परदेशी सुट्टीला निघालेलं ते चक्रम कुटुंब, काकांच्या ट्रंकेत स्टोव्ह, आणि काकू हॉटेलच्या गॅलरीत साडी अंथरून पापड वाळवतायत. मी पाच मिनिटं पाहिली आणि बंद केली.

धुळ्यात आपल्या गल्लीतला पहिला टीव्ही आपला, त्यामुळे रविवारी सकाळी अर्धी गल्ली आपल्या बैठकीत. तुम्ही खुर्चीत, मी तुमच्या पायाशी, आणि आई आत सगळ्यांच्या चहाला जुंपलेली. जाहिराती लागल्या की मी पळत जाऊन तिला गोष्ट सांगते. बाकीचे ज्यावर हसतात ते तिला ऐकायचंच नसतं. ती विचारते, "विमानमा पानी देतस का वं? भात भेटस का तठे?" चोपड्याचं माहेर आणि मुक्ताईचं दर्शन, यापलीकडे तिनं काही पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, भाबडी आहे बिचारी. ती माहिती काढत होती, हे कॉलेजात जाणाऱ्या मला कळलं नाही.

मामा तेव्हा मस्कतला नोकरीला होते. त्यांचं तुमच्या नावे पत्र आलं, भाऊबीजेला येता आलं नाही, तेव्हा ओवाळणी म्हणून ताईला महिनाभर इकडे पाठवा, तिकीट मी काढतो. तुम्ही ते खिशात ठेवलंत. रविवारी मालिका संपल्यावर बाहेर काढलंत आणि मालिकेतल्या काकूंसारखा नाकात आवाज काढून साऱ्या गल्लीला वाचून दाखवलंत. वर म्हणालात, "आमनी बाई चालनी विमानमा! जाय, पाटा-वरवंटा बी लई जाय!" लोकांची हसून मुरकुंडी वळली. आई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तीही हसली, आणि चहा निवतोय म्हणत कप वाटू लागली. मामांना नकार तुम्हीच कळवलात, तिला जमणार नाही म्हणून. तिला कुणी विचारलंच नव्हतं. नाना फार हौशी माणूस, असं गल्लीतले अजून म्हणतात. म्हणोत बापडे, मला मात्र त्या हौसेची चीड येते.

तुमच्यानंतर मी तिला म्हटलं, चल, आता मी नेते तुला. ती म्हणाली, "आते कोठे जाऊ माय, लोके हासतीन." मग तीही गेली. तिचं कपाट आवरताना लुगड्यांच्या घडीत स्टुडिओचं पाकीट सापडलं. आत पासपोर्टसाठी काढलेले तिचे तीन फोटो. बहीण-भावाचं आधीच ठरलं असणार. ती एकटी रिक्षानं जाऊन फोटो काढून आली होती आणि तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहत होती.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. कारण सगळं तुमच्या माथी मारून मला मोकळं होता येत नाही. तुम्ही वाचायला लागलात तेव्हा हसावं की नाही, हे बैठकीत कुणालाच कळत नव्हतं. आईनं माझ्याकडे पाहिलं होतं. सगळ्यांत आधी हसले ती मी.