सदऱ्याचं झबलं

मंगळवार, कुंडल

दोन दिवस वही उघडली नाही, चुकलंच. शिवत होतो. फलटणला नातीला मुलगी झाली. बाळाला पहिलं झबलं जुन्या कापडाचं घालतात, म्हणून माझा मऊ झालेला सदरा कापला. घाईत खिसा उसवायचा राहिला, तो नेमका पोटावर आला.

बायको हसली, "आवं, पोरगी तंबाखू ठेवणार व्हय खिशात?"

तेव्हापासून धास्ती. त्या खिशात माझी पुडी असायची. तीनदा धुतला, हुंगला. तरी वास राहिला असेल तर? आज लेक झबलं घेऊन गेलासुद्धा.

पोरी, वास आला तर खिसा उसव, पण बाळाला झबलं घाल. अन् घातलंस की लगेच कळव.