आप्पांनी वाचलेली चंद्रकथा

३ फेब्रु. १९५८
‘चंद्रावर उतरल्यावर त्यांनी आधी आपलं घर कुठल्या अंगाला राहिलं ते शोधलं.’ आप्पांनी हे वाक्य ऐकवलं तेव्हा मी चौदा वर्षांची. त्यांच्या ओटीवर आम्ही सगळ्या वाल सोलत बसलेल्या. शेजारचे आप्पा पाँडिचेरीची नोकरी संपवून आलेले. जुनी फ्रेंच कादंबरी ते पोथीसारखी वाचत. आधी मूळ ओळ, मग मराठीत अर्थ. पुढे मला फ्रेंच शिकवलं तेही त्यांनीच.
आज लेख पुरा झाला. युरोपातल्या या जुन्या विज्ञानकथा आपल्याकडे मुलांची पुस्तकं म्हणून सोडून देतात. माझं म्हणणं, त्यांत यंत्राहून घराची ओढ मोठी. सगळा लेख त्या एका वाक्यावर उभा.

९ फेब्रु.
संपादकांचं पत्र. लेख घेतला, तोही टीकाविभागात! आजवर माझं सगळं ‘महिलांसाठी’ या पानावर. फक्त त्या वाक्याचा पृष्ठांक हवा. आप्पांची प्रत वाळवीनं केव्हाच खाल्ली. ह्यांना मुंबईच्या ग्रंथालयातून आणायला सांगितलं.

१७ फेब्रु.
पुस्तक आलं. उतरण्याचं प्रकरण दोनदा वाचलं. अंतरं, वजनं, हवेचा दाब. घर कुठेच नाही.

१८ फेब्रु.
पहिल्यापासून शेवटपर्यंत. नाही.

१९ फेब्रु.
काकूंकडे गेले. आप्पांच्या मागे एकट्याच असतात.
“अगं, ते ह्यांच्या पदरचं! चष्मा कपाळावर गेला की पुस्तक राहिलं बाजूला.”
“मला कसं कळलं नाही?”
“तू तोंड उघडं टाकून ऐकायचीस. वालसुद्धा धड सोलायची नाहीस.”
मग म्हणाल्या, “पहिली दोन वर्षं तिकडे एकटेच होते ना. संध्याकाळी समुद्रावर जायचे आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहायचे. पनवेल त्या अंगाला म्हणून.”
पोथी सांगणारा अर्थानंतर आपलं घालतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण पुस्तक फ्रेंच, म्हणून शंकाच आली नाही.

२२ फेब्रु.
वाक्य खोडून लेख वाचला. काही उरत नाही. ठेवलं तर खोटं. मूळ कादंबरी मात्र कोरडी नाही. आकडे मांडता मांडता तो लेखक हरखलेला दिसतो. तो हरखणारा, आप्पा झुरणारे. मी दोघांना एक समजले.

२६ फेब्रु.
नवा लेख झाला. फ्रेंच पुस्तकात काय आहे, आणि पनवेलच्या ओटीवर त्याचं काय झालं. ह्यांनी वाचला. “छान आहे, पण आता ही आठवण झाली,” म्हणाले. संपादकही तेच म्हणतील.
तरी पत्र लिहिलं. ‘पृष्ठांक नाही. वाक्य पुस्तकातलं नसून कै. आप्पांचं आहे. पहिला लेख परत घेते. सोबतचा छापावा. आणि कृपया टीकाविभागातच छापावा.’