आईला गुडघे टेकायचे आहेत

३ फेब्रु.
आईचा गुडघा बदलून तीन आठवडे. नव्वद अंशांच्या पुढे वाकत नाही. फिजिओ ऋचा म्हणते, "आंटी, थोड़ा सब्र." आईला सांगते, बघत मात्र माझ्याकडे नाही. कॉलेज सोडल्यापासून घरीच असतो, तिच्यासाठी दोनदा चहा केला. ऋचा प्यायली नाही.

६ फेब्रु.
परत आठवलं. ऑपरेशनआधी डॉ.ने विचारलं, घुटने से क्या-क्या करना है? आई म्हणाली, "घुटने टेकने हैं." वंदनेला. चार वर्षं खुर्चीवरूनच बुद्धांना हात जोडतेय. तो हसला. "टेकने क्यों माताजी, हमें तो जीतना है!" आई हसली. मीही हसलो, गाढव. नवीन जॉइंट बसवून घे, परत टेकशील, हे मीच तिच्या मागे लागून...

१० फेब्रु.
डॉ.शी भांडलो. त्याने कृत्रिम गुडघ्याचा नमुना काढून दाखवला. आतला लिगामेंट, म्हणजे हाडं बांधणारा पट्टा, काढून मधे प्लास्टिकचा खुंट, वाकताना मांडीचं हाड मागे सरकावं म्हणून. दुसऱ्या डिझाइनमध्ये लिगामेंट ठेवतात. "तो वही लगाते!" मी टेबल आपटलं. "बेटा, वो बचाने लायक़ नहीं था. डिज़ाइन से थोड़ा फ़र्क़ पड़ता है. पहले कितना मुड़ता था, उससे ज़्यादा." ऑपरेशनआधी आईचा पंच्याऐंशीच. दार आपटून आलो.

१९ फेब्रु.
एकशे दोन. ऋचाने कोन मोजायची पट्टी माझ्या हातात दिली, तिची बोटं लागली. आई: "सुजित, माझा गुडघा इकडे आहे." मेलो.

२७ फेब्रु.
एकशे दहा. ऋचा म्हणाली, आता आठवड्यातून एकदाच येईन. आई खूश! मी भडकलो. आणि वंदना? आई गुडघे टेकणार कधी? "मुड़ना अलग है, घुटने पर वज़न लेना अलग. अभी रुकिए. भैया, आप आंटी से ज़्यादा जल्दी में हैं."
भैया.
महिन्याभरात पहिल्यांदा मला काहीतरी म्हणाली, तर हे.

२ मार्च
सकाळी आईने बुद्धांच्या फोटोसमोर दोन उशा टाकल्या. "धर मला." ऋचा नको म्हणालीय, म्हटलं. "ऋचाचं तू ऐक. मला धर." दंड धरले. खाली जाता जाता चार बोटं वर थांबली. चेहरा पांढरा.
"सोड आता."
"आई, नको."
"कॉलेज सोडताना विचारलंस का कुणाला? सोड."
डावा हात काढला. उजवा अजून तिच्या दंडावरच, सोडवत नाही.