जावळ पुढं, सुई आधी

छत्रपती संभाजीनगर
३ फेब्रुवारी २०२५

ती. गोजरआत्यास,
मंजुषाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुला ऐकू येत नाही, म्हणून तुझ्याशी भांडायचं ते कागदावरच. पण आज भांडण नाही, खुशखबर आहे. सायलीचं जावळ रविवारी, सोळा तारखेला, लासूरला तुझ्याच अंगणात! ती जन्मल्यापासून तू लावलेला धोशा एकदाचा संपला.

एक सांगते, रागावू नकोस. तिला नववा महिना सरला, बुधवारी बारा तारखेला गोवर-रुबेलाची लस आहे. मागच्या सुईनंतर दोन दिवस ताप होता. सासूबाई म्हणतात, ऐन जावळात पोरगी तापली तर पाहुण्यांत शोभा होईल. गोवर सगळ्यांनाच येऊन जातो, उन्हाळ्यात बघू. अतुलनंही आईच्या म्हणण्याला मान डोलावली. मलाही पटलंय. शेजारच्या गल्लीत दोन मुलांना गोवर आलाय, पण आम्ही तिकडं जातच नाही.

पेढे कुठले आणू ते कळव. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी
मंजुषा

लासूर स्टेशन
७ फेब्रुवारी

चि. सौ. मंजुषास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता हातातला चहा निवून गेला. सोळाचं जावळ रद्द. पाहुण्यांना मी कळवलंसुद्धा. अकराव्या महिन्यात करू, केस कुठं पळून जात नाहीत.

मी जन्मापासून बहिरी, असं तुला सांगत आले. ते खोटं आहे. पाच वर्षांची असताना मला गोवर आला. दाराला लिंबाचा डहाळा लावला, आठवड्यानं पुरळ मावळलं, घरानं गूळ वाटला. दोन दिवसांनी आई मागून जेवायला हाका मारत होती आणि मी खेळतच बसलेली. हट्ट करते म्हणून तिनं पाठीत धपाटा घातला. वळून पाहिलं तर तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्या धपाट्यासाठी ती मरेपर्यंत रडली. तिला कुणी बोल लावू नये, म्हणून मी खोटं बोलत राहिले.

तिची चूक नव्हती. तेव्हा लस आलीच नव्हती. तुमच्या दारात आली आहे. गोवर हवेतून येतो बाई, गल्ली बघत नाही. ताप आला तर नर्सबाई औषध सांगतील. विहीणबाईंना हे पत्र वाचून दाखव, माझा नमस्कार सांग, आणि मी चिडले आहे हेही सांग.

पेढे नकोत. सुई दिल्याचं तेवढं कळव.

तुझी
गोजरआत्या

छत्रपती संभाजीनगर
१४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. नमस्कार.

दिली! बुधवारीच. सायलीनं आरोग्य केंद्र डोक्यावर घेतलं, आता मजेत आहे. दुसरा डोस दीड वर्षाची झाली की.

तुझं पत्र ऐकून आमच्या सासूबाई, मनकर्णाबाई, उठून सरळ देवघरात गेल्या. रागावल्या असं मी समजले. पण बुधवारी माझ्याआधी त्याच आवरून, सायलीला कडेवर घेऊन दारात उभ्या! केंद्रात नर्सबाईंना हळूच विचारलं, की चार वर्षांच्या पोराच्या सुया राहिल्या असतील तर लई उशीर झाला का. नर्सबाई म्हणाल्या, नाही, घेऊन या.

येताना रिक्षात त्या रडल्या. करमाडला थोरल्या दिरांचा गोकुळ आहे ना, त्याला पहिल्या सुईचा ताप आला तेव्हा पुढच्या साऱ्या सुया सासूबाईंनीच थांबवल्या होत्या. मला हे ठाऊकच नव्हतं.

काल त्या करमाडला गेल्या. जाऊबाईंपुढं हात जोडून म्हणाल्या म्हणे, की चूक माझी व्हती, पोरगं माझ्यासंगं दे. आज गोकुळला घेऊन आल्यात. पुढच्या बुधवारी त्याला त्याच नेणार आहेत, माझीही सोबत नको म्हणतात.

तुझा राग उतरला असेल तर दोन ओळी लिही.

तुझी
मंजुषा